हातकामाच्या धंद्याचा वर्षाचा हिशेब महिन्यांनी नको, सणांनी मांडा

रुखवत, तोरणं, रंगवलेल्या पणत्या, राख्या, बांबूचे दिवे, रेझिनच्या फ्रेमा, हाताने रंगवलेल्या साड्या. घरातल्या एका खोलीत बसून असं काही करणाऱ्याला वर्ष कसं गेलं विचारलं, तर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: 'काम खूप होतं, हातात काही राहिलं नाही.' दोन्ही खरं असतं. हे असं का झालं ते शोधायला तीन-चार दुपारी, एक लांब वही किंवा एक्सेलची शीट आणि थोडा निगरगट्टपणा पुरतो. खाली दिलेली पद्धत जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या धंद्याला धरून आहे, कारण इथल्या गिऱ्हाइकाचा पैसा आणि इथलं ऊन, दोघांचंही वेळापत्रक वेगळं आहे.

कुठलं वर्ष धरायचं आणि कधी बसायचं

खान्देशात वर्ष तीनदा बदलतं. करासाठी ३१ मार्चला, बाजारपेठेत दिवाळीच्या पाडव्याला नवी वही पुजताना, आणि शेतात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जेव्हा सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं) साल संपून नवं ठरतं. पैशाच्या आकड्यांसाठी १ एप्रिल ते ३१ मार्चच धरा. बँकेचं स्टेटमेंट, लाइटबिलं आणि करसल्लागार सगळे त्याच चौकटीत बोलतात.

पण हिशेबाला एप्रिलमध्ये बसू नका. लगीनसराई आणि आखाजी अंगावर असताना कुणाला शांतपणे विचार सुचलेला नाही. रुखवत आणि लग्नकाम करणाऱ्यांना आषाढ बरा. तिथी संपलेल्या असतात, गावोगावी पेरणीत पैसा अडकलेला असतो, फोन कमी वाजतो. राखीवाल्यांचा मात्र तोच हंगाम, त्यांनी पितृपक्षात बसावं. पणत्या, कंदील आणि दिवाळीच्या हॅम्परवाल्यांनी तुळशीच्या लग्नाआधी. हिशेबाला बसणं थोडं पुढे गेलं तरी चालेल, पण सर्वांत मोठा हंगाम उरकल्यावर तीन आठवड्यांच्या आत त्या हंगामाचं टिपण काढायचं. कुणी घासाघीस केली, कुठला माल परत आला, कुठल्या कामाला रात्री जागावं लागलं, हे त्यानंतर आठवत नाही. आठवतात फक्त फोटो, आणि फोटोत सगळंच छान दिसतं.

आकडे एका दिवशी, निर्णय दुसऱ्या दिवशी. तोटा डोळ्यांसमोर दिसला की त्याच तिरीमिरीत माणूस चांगली वस्तूही बंद करतो.

कागद गोळा करणं

बँकेचं वर्षाचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवून घ्या. घर आणि धंदा एकाच खात्यात असेल (बहुतेकांचं असतंच) तर प्रत्येक ओळीसमोर एक अक्षर टाका: धंद्याला 'ध', घराला 'घ', उसनवारीला 'उ'. यूपीआयच्या ओळीत नावाऐवजी नुसता नंबर दिसला तर ती रक्कम व्हॉट्सॲपमध्ये शोधा. 'पाठवले बघ १४५०' असा मेसेज निघतोच.

रोखीचा भाग अवघड. त्याला दोन उपाय. पहिला, फोनची गॅलरी. तयार वस्तूचा फोटो काढल्याशिवाय ती घराबाहेर जात नाही, त्यामुळे गॅलरी महिन्यावार लावली की विसरलेल्या ऑर्डरी सापडतात. दुसरा, मालावरून उलटा हिशेब: सुरुवातीचा साठा अधिक वर्षभरात बनवलेलं, वजा शिल्लक साठा, वजा फुकट दिलेलं आणि फुटलेलं, म्हणजे विकलेलं. प्रदर्शनातली रोख विक्री याच वाटेने हाती लागते.

मग प्रत्येक ऑर्डरची एक ओळ. रकाने असे ठेवा: तारीख, हंगाम, वस्तू, गिऱ्हाइकाचं गाव, ठरलेली किंमत, हातात आलेली रक्कम, माल, तास, पॅकिंग-पोचवणी, गिऱ्हाईक कुठून आलं, तक्रार, आणि शेवटी 'पुन्हा करावंसं वाटतं का'. गावाचा रकाना आळसाने सोडू नका. खान्देशी माणूस सुरतेत, पुण्यात, नाशकात आणि कल्याण-डोंबिवलीत पसरलेला आहे. लग्न अमळनेरला असतं आणि ऑर्डर देणारी आत्या सुरतेच्या उधन्याला राहते. पुढच्या वर्षी जाहिरात कुठे लावायची ते हाच रकाना सांगतो.

तीनशेच्या आत ऑर्डरी असतील तर सगळ्या लिहा. त्याहून जास्त असतील तर सर्वांत जास्त विकलेल्या आठ-दहा वस्तू पूर्ण लिहा आणि बाकीच्यांची ढोबळ बेरीज घ्या.

सण हेच तुमचे महिने

इथे सर्वांत जास्त चुका होतात. मागच्या ऑक्टोबरपेक्षा या ऑक्टोबरमध्ये धंदा पडला, असं म्हणून लोक हातपाय गाळतात आणि दिवाळी सरकली होती हे विसरतात. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला. राखीपौर्णिमा २०२५ मध्ये ९ ऑगस्टला, २०२६ मध्ये २८ ऑगस्टला. गणेशचतुर्थी २७ ऑगस्टवरून १४ सप्टेंबरला गेली. ऑर्डरी सणाआधी तीन ते पाच आठवडे येतात, त्यामुळे महिन्यांची तुलना केली तर वर-खाली भलतंच दिसतं. दिवाळी दिवाळीशी ताडून बघा, राखी राखीशी.

धोंड्याचा महिना तर सगळं गणितच हलवतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन लगीनसराईत. त्या महिन्यात लग्नं नाहीत म्हणून रुखवत बंद, पण जावयाच्या वाणाची ताटं, अनारशांचे डबे, दिव्यांची पॅकिंग यांना मागणी. त्याआधीचा अधिक महिना २०२३ मध्ये श्रावणात, १८ जुलै ते १६ ऑगस्ट होता. साधारण ३२-३३ महिन्यांनी तो येतो. अशा वर्षाची तुलना आधीच्या साध्या वर्षाशी करताना लगीनसराईचा आकडा वेगळा काढा, नाहीतर दोष डिझाइनवर जाईल.

खान्देशापुरते हंगाम असे मांडता येतात: संक्रांत ते रथसप्तमी (हळदी-कुंकवाचं वाण), आखाजीसह लगीनसराई, श्रावण (राखी आणि कानबाई या खान्देशी देवीचा सण), गणपती-गौरी, भुलाबाई (मुलींचा गाण्यांचा सण)-नवरात्र ते दिवाळी, आणि तुळशीच्या लग्नानंतरची डिसेंबरपर्यंतची लग्नं. कानबाईला स्वतंत्र ओळ द्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, सोमवारी विसर्जन होतं, आणि मखर, पडदे, तोरण, चौरंगाची सजावट यांची मागणी त्या एका आठवड्यात एकदम येते. राखीच्या आकड्यात ती मिसळली तर दिसतच नाही. सुरतेतल्या खान्देशी वस्त्यांतही कानबाई मांडतात, म्हणजे ही मागणी जिल्ह्याबाहेरही आहे.

हंगामाच्या बेरजेशेजारी शेताची एक ओळ लिहा: कापसाला भाव कसा होता, पाऊस कधी पडला, केळीचं काय झालं. कापूस ऑक्टोबरपासून घरात येतो आणि पैसा दिवाळी ते संक्रांत या काळात फिरतो. चोपडा, धरणगाव, शिरपूर, शहादा भागात कापसाचा भाव पडला की मार्गशीर्षातल्या लग्नांचं रुखवत लहान होतं. तो तुमच्या कलेचा पराभव नाही, आणि चांगल्या भावाच्या वर्षी आलेली गर्दी ही निव्वळ तुमच्या कलेची कमाईही नाही.

तासाला काय उरलं

वर्षभराचा एकच आकडा काढायची ताकद असेल तर हा काढा. सूत्र सोपं: वस्तूची हातात आलेली किंमत, वजा मजुरी सोडून सगळा खर्च, भागिले लागलेले तास.

माल लिहिताना खरेदीची फेरीही धरा. समजा, सुरतेहून ९,००० रुपयांची लेस, गोटा, कापड आणलं. भाडं ३००, रिक्षा-हमाली ३५०, खाणं १५०, आणि गेलेला दिवस ताशी ७५ रुपयांनी ८ तासांचा ६००. एकूण १,४००, म्हणजे मालावर सुमारे साडेपंधरा टक्के. होलसेलमध्ये स्वस्त मिळालं म्हणून आनंद मानण्याआधी हे साडेपंधरा टक्के चढवा. लहान खरेदीला सुरत गाठण्यापेक्षा जळगावच्या किंवा धुळ्याच्या बाजारातला दहा टक्के महाग माल परवडतो.

तास म्हणजे नुसते हात चालले ते तास नव्हेत. नमुने दाखवणं, व्हॉट्सॲपवर 'हा रंग नको, तो दाखवा' चालणं, फोटो काढणं, बांधणं, पोचवणं, सगळे तास त्यातच. नीट मोजले नसतील तर आता एका वस्तूचा अंदाज करू नका. पुढची तीच वस्तू करताना घड्याळ लावा आणि तो आकडा वर्षाला लावा. अंदाज नेहमी कमीच निघतो.

आता दोन समजुतीची उदाहरणं. रुखवताचा २१ वस्तूंचा संच, किंमत ६,५००. माल २,१५०, खरेदी-फेरीचे ३२०, पॅकिंग २८०, गाडी २००. मजुरी सोडून खर्च २,९५०. उरले ३,५५०. तास ४६. ताशी ७७ रुपये. माल नेताना मुलीच्या मामाने 'तीनशे कमी करा' म्हटलं आणि तुम्ही हसून केले, तर ताशी ७१.

रंगवलेल्या सहा पणत्यांचा बॉक्स, किंमत १८०. साध्या पणत्या २४, फुटतूट ३, रंग-वॉर्निश २२, बॉक्स १८, स्टॉलचा वाटा २०. खर्च ८७, उरले ९३. शंभर बॉक्सना ४० तास लागले, म्हणजे एकाला २४ मिनिटं. ताशी २३२ रुपये.

फोटोत रुखवत मानाचं आणि पणती किरकोळ दिसते. वहीत उलटं आहे.

अजून एक वजाबाकी राहिली. लाइटबिलाचा वाटा, मोबाइल रिचार्ज, मशीन दुरुस्ती, कात्र्या, ग्लू गन, खोलीचं भाडं असेल तर ते. समजा वर्षाचे १८,००० आणि वर्षभरात एकूण १,५०० तास काम. तासाला १२ रुपये. रुखवत आता ताशी ६५ वर आलं. हाच तास शेजारच्या मुलीला मजुरी देऊन करून घ्यायचा झाला तर ७५ द्यावे लागतील, म्हणजे तुमची कला, तुमची जोखीम आणि तुमची जागरणं यांची किंमत उणे दहा रुपये झाली.

सगळ्या वस्तू ताशी आकड्याने उतरत्या क्रमाने लावा. मग शेजारी दोन गोष्टी लिहा. ही वस्तू वर्षात किती तास काम देते? पणत्या तीन-चार आठवडेच खपतात, ताशी २३२ असले तरी वर्षभर पणत्यांवर बसता येत नाही. आणि या वस्तूमागून दुसरं काम येतं का? रुखवतानंतर हळदीची सजावट, ओटीची ताटं, बारशाचा पाळणा अशी कामं येतात असं आपण मानतो. मानू नका, मोजा. २० रुखवतांपैकी ७ घरांतून दुसरी ऑर्डर आली असेल तर तोटा थोडा सोसण्यात अर्थ आहे. दोनच घरांतून आली असेल तर ती समजूत सोडा.

नात्यातलं काम

यासाठी वेगळा कागद घ्या. चुलत नणंदेच्या मुलीचं रुखवत, भाचीच्या साखरपुड्याचं ताट, भाऊबंदकीतली 'घरचंच आहे, नंतर बघू' वाली तोरणं. किंमत पूर्ण लावा, मिळालं ते लिहा, फरक काढा. हा फरक आहेर म्हणून घरखर्चात टाका, धंद्याच्या तोट्यात नको. आहेर देणं वाईट नाही; तो किती गेला हे माहीत नसणं महागात पडतं. पुढच्या वर्षासाठी आकडा ठरवा, उदाहरणार्थ वर्षाला तीन आहेर, तेही लगीनसराईच्या ऐन पंधरवड्यात नाहीत. नात्यात बोलायला सोपं जावं म्हणून दराचा छापील कागद ठेवा. माणसाला नाही म्हणणं जड जातं, कागदाने म्हटलं की चालतं.

परत आलेलं, फुटलेलं, गळालेलं

तक्रारींचा रकाना हंगामाप्रमाणे लावला की बऱ्याच तक्रारींचं कारण ऊन निघतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि बंद पार्सल किंवा एसटीची डिकी त्याहून तापते.

तोरणाचे मणी, आरसे गळून पडणं: ग्लू गनचा गोंद उष्णतेने मऊ होतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या लोखंडी दारावर दुपारी तो धरत नाही. उपाय, जड मणी दोऱ्याने शिवून घेणं आणि गोंद फक्त टेकूला. यात प्रत्येक तोरणामागे जास्त मिनिटं जातात, ती किंमतीत धरा.

सुगंधी मेणबत्त्या वाकणं किंवा काचेपासून सुटणं: मऊ सोया मेण पार्सलच्या उष्णतेत टिकत नाही. मार्च अखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत मेणबत्ती बाहेरगावी पाठवूच नका, किंवा दुकानातूनच नेण्याच्या अटीवर द्या. रेझिनचे कोस्टर वाकणं याच जातीचं. मिश्रणाचं माप चुकलं किंवा पूर्ण घट्ट व्हायच्या आत बांधलं तर ते उन्हाळ्यात हमखास वाकतं. रेझिन घट्ट व्हायला दिलेले दिवस वहीत लिहा, तक्रार आली की ताडता येतं.

बांबूच्या वस्तूंतून पिवळसर भुकटी पडणं: घुण. बांबूतल्या पिठूळ भागावर कीड जगते, पावसाळ्यात तोडलेल्या कोवळ्या बांबूत ती जास्त. सातपुड्यातून माल घेताना हिवाळ्यात तोडलेला, तीन वर्षांपुढचा बांबू मागा आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून घ्या. दिवाळीला विकलेल्या दिव्याची ही तक्रार फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, म्हणून ती तक्रारीच्या तारखेला न लिहिता विक्रीच्या ओळीला जोडा. नाहीतर दिवाळीचा नफा खोटाच चांगला दिसतो.

रंगवलेल्या पणतीतून तेल झिरपणं हे मातीच्या छिद्रांमुळे. आतून एक थर दिला नाही की ते होणारच.

परत आलेल्या वस्तूचा खर्च तिहेरी असतो: वस्तू, जाऊन-येऊन पार्सल, आणि पुन्हा करण्याचे तास. तिन्ही लिहा.

पार्सलमध्ये अजून एक चोर लपलेला असतो. बरेच कुरिअर वजन आणि आकारमान यांपैकी जे जास्त त्यावर पैसे घेतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं. ३० बाय ३० बाय १५ चा बॉक्स म्हणजे २.७ किलो, आत ४०० ग्रॅमचं तोरण असलं तरी. तेच तोरण गुंडाळून ३० बाय १५ बाय १० च्या बॉक्समध्ये बसवलं तर ०.९ किलो. वर्षाच्या पार्सलांत कुठला बॉक्स सर्वांत जास्त वापरला ते बघा. बहुतेक वेळा तो घरात पडलेला म्हणून वापरलेला असतो.

उधारी

३१ मार्चला येणं बाकी असलेल्या रकमा तीन थरांत लावा: ३० दिवसांच्या आतली, ९० पर्यंतची, आणि त्यापुढची. इथे एक खान्देशी सवलत द्यावी लागते. 'कापूस विकला की देतो' असं म्हणणारं गिऱ्हाईक बहुधा खोटं बोलत नाही. सप्टेंबरची उधारी दिवाळीनंतर येते. म्हणून शेतकरी घरांची उधारी दिवसांनी नाही, पिकाने मोजा. पण एप्रिलच्या लग्नाचे पैसे कापूस विकून संक्रांत झाली तरी आले नसतील, तर ती रक्कम वहीत बुडीत लिहा आणि त्या घरची पुढची ऑर्डर पूर्ण आगाऊ पैशांवरच घ्या.

बयाणा (आगाऊ रक्कम) किती घेतला होता आणि उधारी किती बुडाली, हे शेजारी ठेवून बघा. जिथे निम्मा बयाणा घेतला तिथे बुडीत सहसा किरकोळ निघते. ठरवायचंच तर असं: ५० टक्के ऑर्डर घेताना, ३० टक्के तयार वस्तूचा फोटो पाठवल्यावर, २० टक्के माल हातात देताना. बयाण्याशिवाय माल आणायला जाऊ नका, कारण नावं घातलेली पत्रिका किंवा ताट दुसऱ्या कुणाला विकता येत नाही.

प्रदर्शनं आणि इन्स्टाग्राम

जळगावच्या बहिणाबाई महोत्सवातला स्टॉल असो, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतला असो किंवा तालुक्याच्या बचतगट प्रदर्शनातला, गल्ल्यातली रक्कम बघून खूश होऊ नका. समजा तीन दिवसांत १४,००० ची विक्री. माल-पॅकिंग ५,६००, जागेचं भाडं २,५००, टेम्पो १,२००, खाणं ६००. उरले ४,१००. बनवण्याचे ३० तास आणि दोन माणसं तीन दिवस रोज १० तास, म्हणजे ६०. एकूण ९० तास, ताशी सुमारे ४६ रुपये. आता पुढच्या ६० दिवसांत 'तुमचा स्टॉल बघितला होता' म्हणून आलेल्या ऑर्डरी त्यात मिळवा. त्या मिळवूनही आकडा मजुरीच्या वर येत नसेल तर पुढच्या वेळी ती जागा सोडा, किंवा तिथे फक्त पहिल्या तीन क्रमांकांच्या वस्तू न्या.

इन्स्टाग्रामवरचे लाइक वहीत कुठेच येत नाहीत. 'कुठून आलं' या रकान्याची बेरीजच खरी. ओळखीतून निम्म्याहून जास्त ऑर्डरी येत असतील तर रील बनवण्याचे तास कमी करून जुन्या गिऱ्हाइकांना सणाच्या महिनाभर आधी दोन फोटो आणि दर पाठवणं जास्त फळतं.

हात, डोळे आणि मन

हा भाग पैशाच्या वहीत बसत नाही, पण यावरच पुढची पाच वर्षं अवलंबून. शेवटच्या रकान्यातलं 'पुन्हा करावंसं वाटतं का' हे आता ताशी आकड्याशेजारी ठेवा. पैसे देणारं आणि आवडणारं काम कुठलं ते उघडच दिसेल. खरा पेच दोन ठिकाणी असतो. ताशी आकडा चांगला पण नको वाटणारं काम (एकाच साच्यातले दोनशे रिटर्न गिफ्ट) मजुरीवर द्या, फक्त शेवटची तपासणी तुमची. आवडतं पण परवडत नाही असं काम मात्र बंद करायची घाई नको. त्याची किंमत दुप्पट सांगा आणि वर्षाला दोन-तीनच घ्या. घेणारा एखादा तरी भेटतो, नाहीच भेटला तर तेवढे तास मोकळे.

वर्षभरातली डिझाइनं मोजा. गिऱ्हाइकाने पिंटरेस्टवरून पाठवलेली किती, मागच्या वर्षीचीच फिरवलेली किती आणि तुमची नवी किती. नव्या डिझाइनांतली किती विकली गेली तेही. नवं एकही नसेल तर कारण बहुतेक हंगामाच्या याद्यांतच सापडतं: मोकळे दिवस उधारी मागण्यात आणि शिल्लक माल आवरण्यात गेलेले असतात.

जुन्या आठ-दहा गिऱ्हाइकांना फोन करा, पण 'कसं वाटलं' विचारू नका. सगळे 'छान' म्हणतात. विचारा, वस्तू आता घरात कुठे आहे, काही सुटलं-पडलं का, कुणी 'कुठून घेतलं' विचारलं का, आणि किंमत सांगितल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं. शेवटच्या प्रश्नाला माणूस थबकला की दर वाढवायला जागा आहे की नाही ते कळतं.

निर्णय तीनच

पहिला, कुठल्या वस्तूचा दर वाढवायचा. ताशी ११० हवे असतील तर ४६ तासांचे ५,०६० अधिक खर्च २,९५०, म्हणजे तेच रुखवत ८,००० ला द्यावं लागेल. तेवढं कुणी देत नसेल तर संच २१ वरून १५ वस्तूंवर आणा. तास ३४ आणि खर्च २,५०० पर्यंत उतरला तर ६,२४० मध्ये काम बसतं, म्हणजे जुन्याच ६,५०० च्या किमतीत. नवा दर हंगामाच्या मध्ये लावू नका. घेतलेल्या बयाण्यांना जुना दर, आणि नव्या हंगामाची पहिली ऑर्डर नव्या दराने.

दुसरा, काय बंद. ताशी आकड्यात खालच्या आणि मनातूनही उतरलेल्या वस्तू. उरलेला कच्चा माल मोजून काढा. वर्षभरात हात न लागलेली लेस आणि मणी खरेदीच्या भावाने मनात धरून ठेवू नका, विकून मोकळे व्हा.

तिसरा, काय आधी सुरू करायचं. हा सणापासून उलटा मोजायचा. दिवाळीच्या साध्या पणत्या कुंभाराकडे पोळ्याच्या आधी सांगून ठेवा. पावसाळ्यात माती वाळायला वेळ लागतो, भट्टी लावता येत नाही, आणि नवरात्रात मागायला गेलं की ओलसर, लवकर फुटणारा माल हाती येतो. राखीचा कच्चा माल आखाजीनंतर लगेच, आणि संक्रांतीच्या वाणाच्या वस्तू तुळशीच्या लग्नापर्यंत तयार.

तिन्ही निर्णयांसमोर तारीख आणि आकडा लिहा. 'पॅकिंग सुधारायचं' हा निर्णय नव्हे. '१ जुलैपासून तोरणाला छोटा बॉक्स, पार्सल खर्च ऑर्डरमागे ४० रुपयांनी खाली' हा निर्णय.

कराचं थोडक्यात

फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख, सजावट किंवा क्लाससारखी सेवा देणाऱ्याला २० लाख. राज्याबाहेर किंवा वेबसाइटच्या मंचावरून विकत असाल तर नियम वेगळे लागू शकतात, म्हणून सुरतेच्या ऑर्डरींची बेरीज वेगळी काढून करसल्लागाराला दाखवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांचा टप्पा गेला आणि बऱ्याच हस्तकलेच्या वस्तू ५ टक्क्यांवर आल्या, तेव्हा त्याआधीच्या बिलांवरून मालाचा दर धरू नका. लहान उद्योगांची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. ३१ मार्चचा शिल्लक साठा हाताने मोजून, तारीख घालून, सही करून ठेवा, आणि त्याचा फोटो बिलांच्याच फोल्डरमध्ये टाका.

पुढच्या वर्षाची शीट याच रकान्यांनी आजच उघडा. ऑर्डर घेतानाच ओळ भरा, तास आणि तक्रार दर रविवारी. लगीनसराईत रविवार चुकला तर नुसते तास तरी फोनवर आवाजात नोंदवून ठेवा. पैसा बँकेत सापडतो, फोटो गॅलरीत, पण तास नंतर कुठेच सापडत नाहीत.